बदामाची वाट

"पत्त्याला आठवण नसते, पोरांनो. मागच्या डावात काय झालं, ते त्याच्या गावीही नसतं."

बाबांचा हा आवाज लहानपणी आम्ही भावंडांनी एकाच सतरंजीवर बसून ऐकला. माझ्या कानातून तो आत उतरला, दादाच्या कानाला नुसता शिवून माघारी फिरला.

दादाला सगळा बाजार 'एक्का' म्हणतो. नाव त्यानेच स्वतःला पाडून घेतलंय. चष्म्यांचं दुकान त्याचं. म्हणजे पाटी त्याची, आरसा त्याचा, आरशात बघून फिरवायचा कंगवा त्याचा. मागच्या खोलीत यंत्रावर वाकून काचा घासते ती वहिनी. पांढऱ्या भुकटीत तिची बोटं अशी, जशी पिठात विसरलेली फुलं.

रविवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून आम्ही तिघं काउंटरवर पोकर खेळतो. पैसे नाहीत, फुटक्या रंगीत काचांचे तुकडे लावायचे. हातात दोन-दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच, ती टप्प्याटप्प्याने उघडायची. घरचा नियम एकच: पॅक केलं, म्हणजे डाव सोडला, की पानं पालथी ठेवायची, ती कुणी बघायची नाहीत.

आणि जिंकतो कोण? दादा. मी शाळेत गणित शिकवते, पण हे गणित मला कधी सुटलं नाही. इतका वाईट खेळणारा माणूस इतक्या वेळा जिंकतोच कसा!

त्या रविवारी तर त्याला चेव चढला होता. मोठ्या क्लबातल्या मोठ्या टेबलावर बसायचं, त्यासाठी दुकान विकायचं. यंत्रासकट. घेणारा दलाल संध्याकाळपर्यंत होकाराची वाट बघत होता. वहिनीला विचारलं होतं का? छे. एकवेळ यंत्राला विचारलं असतं.

"मधली चार पानं उघडली. दोन बदाम खाली, दोन माझ्या हातात," दादा मिशीत हसला. मी आधीच पॅक केलं होतं, म्हणून त्याने मला पानं दाखवली: बदामाचा एक्का, बदामाची नव्वी. "आता पाचवा बदाम येणार. पाच बदाम जमले की डाव माझा."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"अगं, मागचे तीन डाव बदाम रुसलाय. आता त्याला यावंच लागेल."

"बदाम म्हणजे काय जावई आहे, मानपान झाला की येणार? तुला न दिसलेली पानं शेहेचाळीस, त्यात बदाम नऊ. पाचांत एकदा यायचा, तोही जेमतेम."

"तुझी संभाव्यता फळ्यावर ठेव, बाईसाहेब. दर रविवारी कोण जिंकतं?"

वहिनीने आपल्या पानांवर हात ठेवला होता.

पाचवं पान उघडलं. इस्पिकची चौकी.

दादाच्या हातात नुसता एक्का उरला, बाकी सगळा वारा. तरी त्याने छाती पुढे काढली आणि सगळ्या काचा मध्ये लोटल्या. वहिनीने क्षणभर मधल्या पानांकडे बघितलं, आपली दोन पानं पालथी सरकवली.

"पॅक."

"बघितलंस?" दादा काचा ओढत माझ्यावर गरजला. "पान नाही आलं तरी जिंकलो! याला म्हणतात जिगर. क्लबात काय लोक वेगळे असतात?" आणि त्याने खिशातून फोन काढून दलालाचा नंबर लावला.

रिंग वाजू लागली. वहिनीने हात पुढे केला, आपली पालथी पानं सुलटी केली. दोन राण्या. तिसरी मध्ये कधीची उघडी पडली होती.

"नियम मोडलास!" दादा फोन कानालाच धरून ओरडला. "आणि तीन राण्या असताना पॅक? अक्कल गहाण टाकलीस?"

"हॅलो? बोला ना शेठ," फोनमधून दलाल म्हणत होता.

"आज नाही, दर रविवारी टाकते," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "चांगली पानं आली की टाकते. तुम्ही जिंकलात की आठवडाभर घरात कुणावर हात उगारत नाही, म्हणून."