चुन्याचं बोट

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की सूर्यभाननं लपवलं.

नगरच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. लेकरूबाळ नाही, मी आणि माझी बायको मथुरा. लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघं एकदमच आजारी पडलो आणि त्याच आठवड्यात बिल्डिंगीची पाण्याची मोटार बंद पडली. मी तासाभरात चालू करून दिली असती, पण आम्हाला जिना उतरायची मनाई. एवढी बिऱ्हाडं त्या बिल्डिंगीत, पण कळशीभर पाणी कुणी वर आणून ठेवलं नाही. मथुरा त्यातून उठली, पण उठली ती अर्धीच. दोन वर्षांत वाळत वाळत गेली. तेव्हाच ठरवलं की आता कुणाच्या तारेवर आणि कुणाच्या नळावर जगायचं नाही.

रिटायर झालो आणि गावी आलो, शनिशिंगणापूरला. गावातल्या घरात माझा थोरला भाऊ राहतो, सहादेवदादा. पण मी त्या घरात न उतरता अडीच किलोमीटरवर, माझ्या वाट्याच्या रानात दोन खोल्या बांधायला काढल्या. छतावर चार सोलर पॅनेल, आतल्या खोलीत दोन बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. पत्र्याचं पाणी पन्हाळीनं सिमेंटच्या टाकीत आणि टाकीला वाळू-कोळशाची गाळणी. बाजरीच्या कोठीत कडुलिंबाचा पाला घातला, डाळींना राख चोळली. औषधांची पेटी, बॅटरीवरचा रेडिओ, दोर, कंदील, सगळं जागच्या जागी. एका वहीत लिहूनच काढलं होतं, काय झालं तर काय करायचं. आठ दिवस ढग राहिले तर, साप निघाला तर, ताप आला तर. मोबाईलवर व्हिडिओ बघून घर बांधणारी हौशी पोरं वेगळी. मी सगळ्या वायरी माझ्या हातानं ओढल्या.

भिंती उभ्या राहिल्या तेव्हा दादा बघायला आला. गुडघ्यावर हात ठेवत ठेवत आला, एका विटेवर बसला आणि तंबाखू मळायला लागला.

"सूर्या, कशाला येवढा कुटाना? वढ्यापल्याड माझ्या हिरीवर मोटारीची पेटी हाय. तिथनं वायर देतो. तुझे दोन बल्ब अन पंखा काय जड हाय मला?"

माझं डोकंच फिरलं. बिचारा चांगल्यासाठी बोलत होता, पण मला ती बिल्डिंग आठवली. म्हटलं, "मला कुणाची वायर नको. तुझीबी नको."

त्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मग चौकटीकडं बघून म्हणाला, "अन ह्ये बिजागरी कशाला? दार लावतो का काय?"

आमच्या गावात घराला दार नसतं, ते सगळ्या जगाला माहीत आहे. आमच्या घरात नुसती चौकट. घरातली सगळी रानात निघाली की कुत्रं शिरू नये म्हणून चौकटीला एक फळी टेकवायची, एवढंच. फळी दिसली की समजायचं, घरात कुणी नाही. पण मी एकतीस वर्षं कडी घालून झोपलेला माणूस. शिवाय आमच्या रानात वारा असा की सगळी माती बॅटऱ्यांवर.

"लावतो. लोखंडी लावतो. तुला काय करायचंय?"

"मला काय करायचं," दादा हसला. "म्हनलं, देव राखतोय तोवर राखू द्यावं."

त्या हसण्यानं आगीत तेल पडलं. मी तोंड सोडलं. काय काय बोललो ते आता सांगवत नाही. शेवटी म्हटलं, "घर पुरं झाल्यावर ये. माझा दिवा पेटलेला बघ, माझ्या हातचा चहा पी. तोवर माझ्याशी बोलू नको."

"येतो की," एवढंच म्हणाला आणि गेला.

मार्चमध्ये घर पुरं झालं. मी दादाची वाट बघायला लागलो. आता खरं सांगायचं तर ते दिवे, तो पंखा, ती टाकी, सगळं एका माणसाला दाखवायचं होतं मला. मथुरा असती तर तिला दाखवलं असतं. ती नाही, म्हणजे राहिला दादा. चहापत्तीचा नवा पुडा त्याच्यासाठी म्हणून बाजूला ठेवला होता.

एप्रिल गेला, पावसाळा गेला. दादा आला नाही. मी गावात जायचो नाही. बाजार घोडेगावहून आणायचो. मोबाईलला रिचार्ज मारणंही सोडलं होतं. धाकट्यानं थोरल्याकडं जावं अशी रीत आहे, कळत होतं मला. पण येतो म्हणाला होता ना तो? मग यावं त्यानं. दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. मग बॅटरीत पाणी घालताना बॅटरीशीच बोलायचो, पी बाई, पी. घसा बसल्यासारखा आवाज यायचा.

सकाळी पॅनेल पुसायचे, स्वयंपाक करायचा, जेवायचं आणि दार लावून, कडी घालून, पंखा सोडून झोपायचं. पंख्याची मोठी घरघर. संध्याकाळी उठून बाहेर आलो की कधीकधी दारालगतच्या भिंतीवर चुन्याची बोटं दिसायची. बाहेर कट्टा आहे, त्यावर बसलेल्या माणसाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर. तंबाखू मळून झाली की उरलेला चुना भिंतीला पुसायचा, ही आपल्याकडची घाण सवय. मला वाटलं, मेंढरांमागची माणसं बसत असतील सावलीला. नवी कोरी भिंत, नुकता रंग दिलेला. मी त्यांना शिव्या घालत ओल्या फडक्यानं पुसून काढायचो. दादाही तंबाखू खातो, हे मनात आलं नाही असं नाही. पण दादा आला असता तर त्यानं हाक मारली असती.

दिवाळी झाली आणि मला तापानं धरलं. वहीत लिहिल्याप्रमाणं गोळी घेतली, पाण्याची बादली उशाशी ठेवली, साखर-मिठाचं पाणी करून ठेवलं. सगळी तयारी चोख. थंडी वाजत होती म्हणून पंखा बंद होता. तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेर कुणीतरी खोकलं.

तो खोकला मी हजारात ओळखला असता. लहानपणी एका वाकळेत झोपायचो आम्ही.

दादा कट्ट्यावर बसला होता. दोघांच्या मध्ये फक्त दाराचा पत्रा. त्याचा श्वास लागलेला ऐकू येत होता, मग तंबाखू मळल्याचा आवाज, मग थाप. मी पडल्या पडल्या म्हटलं, मार हाक. नुसतं सूर्या म्हण, सरपटत येऊन दार उघडतो. तो काही बोलेना. मला वाटलं, याला वाटतंय मीच उठून बोलवावं. एवढा ताठा? मग मीही हूं की चूं केलं नाही. चांगला अर्धा-पाऊण तास गेला. मग चपला फरफटल्या आणि आवाज ओढ्याकडं गेला.

मी भिंतीकडं तोंड करून रडलो. रागानं रडलो असं तेव्हा वाटलं.

ताप उतरल्यावर बाहेर आलो तर भिंतीवर चुन्याचं बोट होतं. अंगात ताकद नव्हती म्हणून पुसलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी दार वाजलं. मुठीनं, जोरात. त्या घराचं दार कुणी वाजवण्याची ती पहिलीच वेळ. म्हटलं, आला शेवटी. आणि काय सांगू, लगेच उठलो नाही. थांबू दे म्हटलं जरा. तोंड धुतलं, नवा पुडा फोडला, चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि मग कडी काढली.

दारात दादाचा मुलगा ओंकार उभा. नगरला नोकरीला आहे, खोली घेऊन राहतो. त्याला दार वाजवायची सवय.

"काका, चला. बाबा गेले. पहाटे छातीत दुखलं."

आधण तसंच चुलीवर ठेवून मी त्याच्या गाडीवर बसलो.

दहाव्यानंतर माणसं पांगली. राहीबाईवहिनी भिंतीला टेकून बसली होती. मी निघालो तशी म्हणाली, "भावजी, येक इचारू का? दर शनिवारी तुमी कुठं जायचा?"

"मी? मी कुठं जाणार? घरातच असायचो."

ती टेकलेली भिंत सोडून सरळ बसली.

"आवो, ह्ये तर दर शनिवारी तुमच्याकडं यायचं. सकाळी देवाचं दर्शन घ्यायचं अन दुपारी डब्यात धपाटी घेऊन चालत निघायचं. गुडघं सुजायचं. तासभर बाहेर बसायचं अन डबा तसाच माघारी. म्हनायचं, सूर्याचं दार लावल्यालं हाय, गावाला गेला आसंल."

"हाक नाही मारायची का, वहिनी? एक हाक?"

"फळी लावल्याली दिसली तर आपल्यात कोन हाक मारतंय, भावजी? मी म्हनायची, फोन लावून बघा. लावला बी दोनदा, तर बंद. मग म्हनायचं, जाऊ दे, पुढच्या शनिवारी जातो. त्यानं घर बघायला बोलावलंय, जायाला पायजे."

एकदा तो बाहेर होता आणि मी आत जागा होतो, हे वहिनीला सांगितलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

किती शनिवार झाले, मोजत बसलो नाही. मोजायचे तर भिंतीवरून मोजता आले असते, ते मीच फडक्यानं पुसून टाकले होते. राहिलं होतं फक्त शेवटचं.

घरी आलो ते पाना घेऊन दाराला भिडलो. लोखंडी दार, एकट्याला उचलेना, तरी बिजागरीतून काढलं आणि टाकीमागं टाकून दिलं. आता माती येते. बॅटऱ्यांवर जुनं लुगडं टाकतो, मथुराचं. घोडेगावच्या बाजारात एकजण म्हणाला, चोरीला जातील. जाऊ देत.

शनिवारी जेवण झालं की झोपत नाही. चौकटीत बसतो. येणार कुणी नाही, ते मला कळतं. तरी बसतो.

मागच्या शनिवारी एक मेंढपाळ आला. उघडी चौकट बघून थेट आत, पाणी मागितलं. टाकीतलं दिलं, गोड आहे म्हणाला. पंखा बघितला, दिवा लावून दाखवला तर म्हणाला, लई भारी. चहा केला त्याला. मग तो बाहेर कट्ट्यावर बसला, तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि चुन्याचं बोट भिंतीकडं नेलं.

मी त्याचं मनगट धरलं. तो दचकला.

"तिथं नको," मी म्हटलं. "पलीकडची सगळी भिंत घे. इथं माझा भाऊ बसतो."