किल्ल्यातली मोटर

राक्षसाच्या किल्ल्यात पाच एचपीची मोटर बसवणारी बाई जगात एकच असावी, आणि ती बारामतीत राहते. तिचं नाव तेजश्री. दिवसा कॉलेजात पोरांना कॉम्प्युटर शिकवते आणि उरलेल्या वेळात, तिच्या नवऱ्याच्या भाषेत सांगायचं तर, मेलेल्या गेमला सलाईन लावते.

गेमचं नाव थॉर्नहोल्ड, वय पंचवीसच्या पुढं. योद्धा, जादूगार, चोर आणि वैद्य अशी चार माणसं घेऊन राक्षसाच्या किल्ल्यापर्यंत जायचं. वाटेत लोकांशी बोलायचं, कोडी सोडवायची, लढायचं. गेम काढणारी कंपनी कधीच बुडाली. पण त्याच्यावर जीव असलेली माणसं देशोदेशी आहेत आणि ती गप्प बसत नाहीत. गेमच्या फायली उघडून कुणी त्यात नवं गाव घालतं, कुणी नवं हत्यार, कुणी जुनी चूक काढतं. असल्या हौशी कामाला ते मॉड म्हणतात. आपल्याकडं जुन्या लुनाला नवी सीट न् नवा हॉर्न बसवतात ना, तसंच ते.

तेजश्रीचं मॉड मात्र नुसत्या हौसेचं नव्हतं. ते तिच्या भावासाठी होतं.

रवींद्र, म्हणजे तिचा रवीदादा, तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. घर बारामतीजवळच्या अंथुर्ण्यात. कॉलेजात असताना त्यानं इंदापुरातून सुटे भाग आणून एक कॉम्प्युटर जोडला आणि त्यावर थॉर्नहोल्ड सुरू झाला. खेळायचा दादा. तेजूनं शेजारी स्टुलावर बसून वहीत नकाशे काढायचे आणि डिक्शनरीत शब्द शोधायचे, कारण इंग्रजी दोघांचंही यथातथाच. आज आपण कॉलेजात शिकवतो ते त्या स्टुलाच्या जोरावर, असं ती कुणालाही बिनदिक्कत सांगते. आई, रंगुबाई, त्या गेमला 'थोरातवाडा' म्हणायची आणि पोरं जेवायला उठेनात की समस्त थोरातांचा उद्धार करायची.

पुढं दादानं मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. विहिरीवरची जळालेली मोटर खोलायची, जळकी तार काढायची, नवी भरायची. पंचक्रोशीत त्याच्या कानाचं नाव होतं. मोटर न खोलता, नुसता आवाज ऐकून तो रोग सांगायचा. मग काचबिंदू झाला. तो चोरपावलानं येतो. कडेकडेनं नजर खात आला आणि कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. छत्तिसाव्या वर्षी उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा राहिला. दुकानाला कुलूप लागलं, जमत आलेलं लग्न फिसकटलं आणि दादा ओसरीवरच्या खाटेवर बसला तो बसलाच. त्यालाही दोन वर्षं झाली.

पुण्यात अंध माणसांना कॉम्प्युटर शिकवणारी एक संस्था होती. सहा महिने तिथं राहायचं. पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटर वाचून दाखवतो, आपण कानानं ऐकून काम करायचं. तेजश्रीनं खटपट करून दादासाठी जागा धरून ठेवली होती. अट एकच. ज्याला यायचंय त्यानं स्वतः फोन करून सांगायचं. बहिणीचं चालणार नाही, आईचंही नाही. मुदत महिन्याच्या शेवटच्या सोमवारी दुपारी बारापर्यंत. नंतर ती जागा दुसऱ्याला जाणार, आणि पुढची कधी निघेल ते कुणी सांगत नव्हतं.

दादाचं पालुपद ठरलेलं. "पडद्याचं काम माझं संपलं, तेजू. उगं डोक्याला ताप दिऊ नको."

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. नाकावर माशी बसू न देणारा माणूस तो. कुणाला कीव आली की त्याला लांबून वास यायचा. पडद्याशिवाय पडद्याचं काम होतं हे त्याच्या हातानंच त्याला पटायला हवं होतं, आणि त्या खाटेवरून त्याचे हात उचलायला लावील अशी एकच गोष्ट तेजश्रीला ठाऊक होती. म्हणून तिनं थॉर्नहोल्ड कानानं खेळता येईल असा करायला घेतला. गेममधलं प्रत्येक वाक्य मराठीत आणलं आणि स्वतःच्या आवाजात भरलं. राक्षसालाही तिचाच आवाज. राक्षस बोलायला लागला की नवरा स्वयंपाकघरात जाऊन हसायचा.

पहिली खेप तिनं परक्यांच्या सल्ल्यानं केली. मॉडवाल्यांच्या गप्पांच्या पानावर एकानं सांगितलं होतं की दाराला एक टिंग, विहिरीला दोन टिंग, शत्रूला टूं असं ठेव. तिनं ठेवलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी स्कूटर काढून, वाटेतलं लासुर्णं मागं टाकून ती अंथुर्ण्याला पोचली आणि दादाच्या कानावर हेडफोन चढवला. दादानं दहा मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून खाटेवर ठेवला.

"दवाखान्यातल्या मशीनीवानी वाजतंय नुसतं. आंधळ्यासाठी केलंस व्हय?"

तिला तोंड वर करवेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आठ महिन्यांचं काम दहा मिनिटांत खाटेवर पडलं होतं आणि दादाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा होता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

ती तशीच ओसरीच्या पायरीवर बसून राहिली. समोरच्या रस्त्यानं झुंबरतात्या सायकल ढकलत चालले होते. दादा खाटेवरूनच म्हणाला, "तात्या, मोटर कण्हतीय तुमची सकाळधरनं. बुश गेलंय. बंद करा, न्हायतर जळंल."

"आरं, ती वड्याच्या पल्याड हाय की!" तात्या थांबून म्हणाले. "तुला हितनं कशी कळली?"

"हितनंच कळती," दादा म्हणाला.

तेजश्री उठून उभीच राहिली. या माणसाला सगळं गाव कानानं पाठ होतं! गिरणी कुठं, कालव्याच्या चारीचं पाणी कुठं पडतं, विहारातली वंदना कुठल्या अंगानं येते, कुणाची मोटर कुठल्या दिशेला. आणि आपण त्याला टिंग टिंग ऐकवत बसलो. स्वतःच्या अकलेचा तिला इतका राग आला की आईनं पुढं केलेला चहा तिनं फुंकर न घालताच प्यायला.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती मोबाइल घेऊन गावभर हिंडली. पिठाच्या गिरणीचा पट्टा, उसाच्या ट्रॉलीची साखळी, तानूबाईंच्या म्हशीच्या गळ्यातलं लोढणं, चारीच्या पाण्याचा खळखळाट, वंदनेचे सूर, झुंबरतात्यांच्या शेजारच्या विहिरीवरची मोटर. सगळं भरून घेतलं. पुढचे तीन आठवडे बारामतीत बसून तिनं गेममधल्या जागांना हे आवाज लावले. धर्मशाळेला गिरणी. मठाला वंदना. नदीला चारी. जवळ जावं तसा आवाज वाढणार. डावीकडं असेल तर डाव्या कानात, उजवीकडं असेल तर उजव्या. शेवटच्या किल्ल्यात हौद होता. त्याचं मोठं चाक फिरवलं की पाणी चढतं आणि पाण्याच्या आवाजामागं गेलं की राक्षसाचा बुरूज येतो. तिथं पाण्याच्या आवाजाऐवजी तिनं मोटर बसवली.

शेवटच्या रविवारी सकाळी ती पुन्हा अंथुर्ण्याला आली. सोमवार उद्यावर आला होता. या वेळी तिनं शहाणपण केलं. तुझ्यासाठी आणलंय असं म्हणालीच नाही; काही अडलेलं नसताना अडल्याचं सांगितलं.

"दादा, किल्ल्यात काहीतरी अडतंय. मला गावंना. तू जुना खेळाडू, जरा बघतोस का?"

"बघतो?" दादा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "आण हिकडं."

पहिल्या पाच मिनिटांत त्याची मान डावीकडं वळली. "ही तर आपली गिरणी!" बोटं आधी चाचपडली, मग त्यांना बटणांची जुनी ओळख पटली. आईनं आणलेला चहा गार झाला. दुसराही झाला. रंगुबाईनं दारातून खुणेनंच लेकीला विचारलं, काय चाललंय? तेजश्रीनं ओठांवर बोट ठेवलं. दुपारपर्यंत गेममधले चौघं नदी ओलांडून किल्ल्याच्या दारात पोचले होते. ती आईबरोबर मुद्दाम आत जाऊन भाकरी थापायला बसली. आपण समोर असलो तर तो आपल्याला विचारील, एवढं तिला कळत होतं.

भाकरी झाल्या, पिठलं झालं. बाहेर येऊन बघते तर दादा मांडीवर हात ठेवून गप्प बसलेला. हेडफोन कानावर, बोटं बटणांवरून उतरलेली. तिला वाटलं, संपलं. पुन्हा कंटाळला.

"काय झालं, दादा?"

"काय न्हाय. लाईट गेलीय."

तिनं वर पाहिलं. पंखा चांगला गरगरत होता. "पंखा चालू हाय की."

"घरातली न्हाय गं. किल्ल्यातली. चाक फिरवलं, मोटर लागली, दोन पावलं गेलो आन् बंद पडली. थ्री फेज गेली आसंल. यील की. बसलोय वाट बघत."

"किती वेळ झाला?"

"आसंल अर्धा-पाऊण तास."

तेजश्री मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. साऱ्या दुनियेतल्या मॉडवाल्यांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नसतं, की राक्षसाच्या किल्ल्यातली वीज गेलीय आणि शेतकऱ्यासारखं निवांत बसून ती यायची वाट बघायची. दादा किल्ल्यात खरंच जाऊन बसला होता!

"दात काय काढतीस?"

"दादा, किल्ल्यात लाईट जातच न्हाय. तसं केलंच न्हाय मी. माझी चूक झालीय काहीतरी."

दादा ओशाळेल, चिडेल, हेडफोन काढील, असं तिला वाटलं. त्यानं कपाळाला आठी घातली. पण ती दुकानातली आठी होती, गिऱ्हाइकानं मोटर आणून ठेवली की पडायची ती.

"थांब." त्यानं चौघांना मागं नेलं, चाकाला हात घातला. मोटर घुमली. हात काढला, दोन पावलं टाकली, बंद. पुन्हा हात, पुन्हा घुमली. "बघ. लाईट हाय. मोटरबी हाय. तुझा स्टार्टर धरत न्हाय."

"म्हंजे?"

"हिरवं बटण दाबलं की मोटर लागती. बोट काढल्यावरबी चालू राहती, कारण आत कॉइल धरून ठेवती. कॉइल गेली की बोट हाय तवर मोटर. तुझ्यात हेच झालंय. तुझी कॉइल कुठं हाय? ती फाईल वाच मला."

"बारामतीला जाऊन बघते. पुढच्या रविवारी—"

"पुढच्या रविवारी कशाला? आत्ता वाच."

तिनं फाईल उघडली आणि एकेक ओळ मराठीत करून वाचू लागली. जेवण झाकून ठेवलं गेलं. दादा मान खाली घालून ऐकत होता आणि अंगठ्यानं एकेक बोटाचं पेर मोजत होता. मध्येच थांबवायचा, मागची ओळ विचारायचा. तिच्या कॉलेजातली पोरं इतकं ऐकत नाहीत.

"चाकावर हात असेल तर मोटर चालू," ती वाचत होती, "नसेल तर बंद—"

"हितं! हितं मेलीय." त्यानं खाटेच्या कठड्यावर हात मारला. "नसंल तर बंद, हे कुणी सांगितलं? एकदा लागली की लागली. बंद करायचं बटण येगळं पायजे."

तीन आठवडे डोळे फोडून बघत असलेली ओळ. तिनं ती कितीदा वाचली असेल, पण चूक दिसली नव्हती. तिनं दुरुस्ती केली. दादानं चाक फिरवलं, हात काढला, पावलं टाकली. मोटर चालूच राहिली. तो आवाजामागं चालत गेला, आणि खाटेवर बसलेल्या त्याच्या अंगातही चालण्याची लय आली होती. राक्षस मेला तेव्हा साडेचार वाजले होते. मरताना तो तेजश्रीच्या आवाजात किंचाळला आणि रंगुबाई हातातलं काम टाकून बाहेर धावली.

जेवताना दादा म्हणाला, "तू वाचत हुतीस ते तितं, पुण्याला, मशीनच वाचून दावतं का?"

"व्हय," तेजश्री म्हणाली. तिनं त्याच्या पानात पिठलं वाढलं. दादा भाकरी मोडत राहिला.

ती बारामतीला गेलीच नाही. कॉलेजला रजा कळवली आणि सोमवारी सकाळी ओसरीच्या पायरीवर जाऊन बसली. दहा वाजले. साडेदहा वाजले. दादा आंघोळ करून आला, धुतलेला शर्ट घालून खाटेवर बसला आणि त्यानं हात पुढं केला.

"नंबर लाव."

फोन लागला. तिनं तो त्याच्या हातात दिला. पलीकडच्या बाईंचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. नाव, गाव, वय. रंगुबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"व्हय. याचंय मला," दादा म्हणाला. "रवींद्र श्रीपती. अंथुर्णं. दिसत न्हाय, ऐकू झकास येतंय."

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. याआधी कॉम्प्युटरवर काही काम केलंय का?

दादानं मान वर केली. "केलंय की," तो म्हणाला. "कालच एका राक्षसाची मोटर दुरुस्त केली."

पलीकडं बाई हसल्या आणि कधी येताय म्हणून विचारलं.