पंचेचाळीस दिवसांचा शिक्का

“तणनाशक फवारल्यावर पंचेचाळीस दिवसांनी लागवड करावी.” माती सल्ला केंद्रातल्या साहेबांनी या वाक्याचा रबरी शिक्काच करून घेतला होता. कुणीही विचारायला आलं, की चिठ्ठीवर ठप्प! वाचकहो, असे शिक्के आपल्याही खिशात असतात.

एका सकाळी रोपवाटिकावाल्यांची मुलगी आली. तिने टेबलावर पत्र्याचे दोन डबे ठेवले. एकात काकडीचा वेल हातभर वाढला होता; दुसऱ्यात पांढऱ्या पडून वाळलेल्या काड्या.

“तीन आठवड्यांपूर्वी बाबा हेच घेऊन आले होते.”

साहेबांना आठवलं. “हो, ते काका! दिवस मोजायला चुकले होते. वयाने होतं असं.”

“तुम्ही हसून म्हणालात, ‘काका, आता नातवंडं मोजा!’ शेजारी माझा दादा उभा होता. पंचेचाळीस दिवस मोजून लावलेली वरच्या वाफ्यातली रोपं मेली, तेव्हाच त्याने बाबांकडून रोपवाटिकेची किल्ली काढून घेतली होती. आपण चुकलो नाही हे दाखवायला बाबांनी दोन्ही वाफ्यांतली माती डब्यांत भरून बी पेरलं. तुम्ही डब्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. मंगळवारी बाबा गेले. शेवटपर्यंत कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजत होते.”

साहेबांनी चष्मा काढला.

“दोन्ही वाफे एकाच दिवशी फवारलेले,” ती शांतपणे म्हणाली. “खालच्या वाफ्यातल्या मातीत शेणखत आहे, ओल आहे. तिथले जीवाणू औषध संपवतात. वरच्या वाफ्यातली माती हलकी, कोरडी. तिथे ते संपवणार कोण?”

“ठाऊक आहे मला. मी शिकवतो हे.”

“मग त्यांना का नाही सांगितलंत?”

साहेबांनी कोरा कागद ओढला आणि लिहिलं: ‘तुमचे दिवस बरोबर होते. प्रत्येक मातीला वेगळी मुदत लागते. चूक माझी.’

“‘तुमचे’ लिहिलंत,” ती म्हणाली. “वाचायला ते नाहीत.”

शिक्का त्याच दिवशी कचऱ्यात गेला. आता साहेब आधी माती विचारतात, डब्यात मूठभर बी पेरून बघायला सांगतात. चांगलंच आहे. उशिरा का होईना, म्हणायचं असतं.

घरी दादाने साहेबांची चिठ्ठी दोनदा वाचली. मग उठून किल्ली बाबांच्या खुंटीवर अडकवली. ती घ्यायला आता बाबा येणार नव्हते.

विष किती दिवसांत विरेल हे माती ठरवते, शिक्का नव्हे. आणि एखाद्याला ‘तू चुकलास’ म्हणण्याआधी त्याने आणलेला डबा निदान उघड्या डोळ्यांनी पाहावा. तो शब्द कुठल्याच मातीत लवकर विरत नाही.