नदीपलीकडची बटणं

"पलीकडच्यांनी पुलावर आपला माणूस मारला, आणि तू म्हणतोस घरी बस?" दादा आरशात बघतच म्हणाला.

"मारला परवा. हे कापड आपण थंडीपासून शिवतोय. कापडाला आधीच स्वप्न पडलं होतं का?" मी म्हणालो.

"शाळा सोडलेल्याने अक्कल शिकवू नये."

"तू शिकलास ना, मग मोज की महिने."

दादाच्या अंगात नवाकोरा गणवेश होता, मामाच्या शिलाईखान्यात, आमच्याच मशीनवर शिवलेला. भरती झालेल्या पोरांना न्यायला गाडी यायची होती. मामा कापायच्या टेबलाशी हातात कात्री धरून उभा होता, पण कापत काहीच नव्हता.

आधी इथे शाळेचे गणवेश शिवायचे. थंडीत सैन्याच्या ठेकेदाराने काम दिलं. बटणं मात्र पूर्वीसारखी नदीपलीकडूनच यायची, तिकडचा बटणवाला पोतं घेऊन यायचा. मामाची जुनी खोड, भाव पाडायचा असला की काम फुगवून सांगायचं. "तिप्पट माल आहे, वर्षभर घेणार." शाळेच्या चड्ड्यांच्या वेळीही तो हेच सांगायचा, आणि बटणवाला हसून भाव कमी करायचा.

या वेळी तो हसला नाही. टेबलावरच्या हिरवट ताग्यांकडे बघत राहिला, आणि चहा अर्धा टाकून गेला.

पुढच्या खेपेला पोतं अर्धंच. म्हणाला, "तिकडेही सैन्याचे गणवेश शिवायला घेतलेत. इकडे तिप्पट चाललंय म्हणे."

मी मामाकडे बघितलं. मामाने टेप गुंडाळायला घेतली.

मग ठेकेदार आला. बटणं कमी का, म्हणून तापला. मामाने स्वतःची कातडी वाचवली. "साहेब, तिकडे रात्रंदिवस गणवेश शिवतायत, आपल्याला कुठून मिळणार?" ठेकेदार फोन घेऊन बाहेर गेला. थोड्या दिवसांत आमचं काम खरोखरच तिप्पट झालं.

हे सगळं मी दादाला सांगितलं.

"म्हणजे लढाई मामाच्या बटणांवरून लागली?" तो म्हणाला. "डोक्यावर पडलायस."

"एकट्या मामामुळे नाही रे. पण दोन्ही काठांवर असे मामा किती असतील? तो पुलावरचा बिचारा तर शेवटी आला. मामा, बोल ना काहीतरी. तोंडात सुया धरल्यात का?"

मामाने कात्री टेबलावर ठेवली. "धंद्यात असं बोलावं लागतं. मला काय माहीत, कोणी खरं धरेल म्हणून."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. त्याचा हात गळ्याशी गेला, आणि मला वाटलं, आता हा काढतोय सदरा. बाहेर हॉर्न वाजला. दचकून त्याचा हात ओढला गेला आणि वरचं बटण तुटून टेबलावर पडलं.

"सगळी गल्ली बाहेर उभी आहे," तो हळूच म्हणाला. "आता सदरा कसा उतरवू?"

आणि गेला. गळा उघडाच.

मामाने डोळे पुसले, कात्री उचलली. "पुढचा तागा काढ," मला म्हणाला.

मी नाही काढला. ते बटण मीच लावलं होतं, घाईत, एकाच दोऱ्यावर. आता ते माझ्या मुठीत आहे आणि सुईत दोरा ओवलाय. गाडी अजून कोपऱ्यावर पोरं भरतेय. निदान ते पक्कं लावून द्यायला मला निघायला हवं.