डावीकडचा ढिगारा

बायकोच्या गाडीत मी तीन हिवाळे पाय ठेवला नव्हता आणि ठेवायची इच्छाही नव्हती. ती गाडी नव्हेच मुळी. विजेवर चालणारी प्लास्टिकची डबी, दोन माणसं कशीबशी कोंबता येतील एवढी. सुरू केली तरी सुरू झाल्याचं कळत नाही. योरुनने ती घरी आणली त्याच दिवशी मी सांगून टाकलं होतं, यात बसलेला मी कुणाला दिसलो तर धक्क्यावर तोंड दाखवायची सोय राहणार नाही. उभा जन्म मी कॉड मासे धरले, वादळातून बोट घरी आणली. माझी स्वतःची डिझेलची पिकअप आहे. तिला आवाज आहे, जोर आहे, वासही आहे. वास कसला ते योरुन सांगेल.

पण डिसेंबरात योरुन टपालपेटीपाशी घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मी तेव्हा समुद्रावर होतो. शेजारच्या आयलर्टने तिला पाहिलं, अंगावर घोंगडी घातली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिचा हात धरून बर्फात बसून राहिला. हे मला गावात भेटेल त्याने सांगितलं, आणि हात धरल्याचं सांगायला एकही जण विसरला नाही.

तिला घरी सोडायचा दिवस ठरला तेव्हा फोनवर ती म्हणाली, "हाल्स्टेन, मला माझ्या गाडीतून घरी ने. तुझ्या पिकअपमध्ये चढायला आता मला शिडी लागेल. आणि महिनाभर औषधांचा वास घेतलाय, त्यावर मासळीचा नको. माझ्या गाडीची सीट सरळ आहे, कंबर वाकवावी लागत नाही. आणशील ना?"

आणतो म्हणालो. योरुन कधी काही मागत नाही, स्वतः करून मोकळी होते. तिने माझ्याकडे मागितलेली ही एवढीच गोष्ट, आणि तेवढी तरी मी धड पार पाडणार होतो. मग ती डबी का असेना.

तो नेमका सूर्य परत यायचा दिवस निघाला. आमच्या या उत्तर टोकाला हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवतच नाही. तो परत येतो त्या दिवशी सगळे जॅम भरलेले गोड पाव खातात आणि तो जिथून डोकावतो त्या खिंडीकडे डोळे लावून बसतात. सूर्य कसला डोंबलाचा! रात्रभर बर्फ पडला होता आणि अजून पडतच होता. ओला, जड, फावड्याला चिकटून बसणारा. आमच्या आणि आयलर्टच्या सामाईक अंगणात गाड्या दिसतच नव्हत्या, नुसते ढिगारे. चार्जिंगचे दोन खांब आणि दोन्ही खांबांपाशी एकेक बुटका ढिगारा. दोन अशासाठी, की आयलर्टनेही तसलीच गाडी घेतली आहे. योरुनची बघून घेतली. तेव्हापासून दोघं कुंपणापाशी उभी राहून बॅटरीबद्दल बोलत असतात. बॅटरीबद्दल माणसं इतकं काय बोलतात, मला कळत नाही.

मी डावीकडचा ढिगारा उपसायला घेतला. डावीकडचाच का, तर तो आमच्या दाराच्या जवळ होता. एवढा विचार मला पुरेसा वाटला.

त्या बर्फाची मला शिसारी आली. एक फावडं मारावं तर दुसरं तितकंच छपरावरून खाली यायचं. मध्येच रस्ता साफ करणारं यंत्र दिवे लुकलुकवत आलं आणि रस्त्यावरची सगळी घाण आमच्या फाटकात लोटून निघून गेलं. मी तीही उपसली. हातमोजे चिंब झाले, पाठीवरून घाम, नाकातून पाणी. शेवटी दार मोकळं झालं. मी खिशातून योरुनची किल्ली काढली. किल्ली जाईना. कुलूप गोठलं असेल म्हणून त्यावर फुंकर घातली, मग शिव्या घातल्या. तेवढ्यात काचेतून आत लक्ष गेलं. आरशाला आयलर्टची लाल लोकरी टोपी लटकत होती.

मी वर पाहिलं. आयलर्ट त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफीचा पेला धरून उभा होता. त्याने पेला जरा वर उचलला.

तो खाली आला. आयुष्यभर त्याने शाळेत भूगोल शिकवला, आणि शाळा सुटली तरी शिकवणं काही सुटलेलं नाही.

"बघत होतास ना तू?" मी विचारलं.

"सुरुवातीपासून."

"मग तोंडाला कुलूप लागलं होतं का?"

"इतका मन लावून उपसत होतास रे, मधे बोलवेना," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? मला वाटलं, बायकोची गाडी कुठल्या खांबाला असते एवढं तरी तुला माहीत असणार. म्हटलं, शेजारधर्म म्हणून करतोय."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण वेळ नव्हता. मी उजवीकडचा ढिगारा धरला. आयलर्टनेही फावडं आणलं आणि दुसऱ्या बाजूने उपसायला लागला. मी नको म्हणालो नाही आणि आभारही मानले नाहीत. उपसता उपसता त्याची शिकवणी चालूच होती. त्याच्या गाडीला मोठ्या ट्रकच्या चाकोऱ्या बसत नाहीत, योरुनच्या गाडीलाही बसणार नाहीत, सांभाळ. वेग एकसारखा ठेव. आणि मुख्य म्हणजे आतला हीटर लावू नकोस. गारठ्यात बॅटरी आधीच अर्धी होते, हीटर लावलास तर काटा धपकन खाली येतो. जाऊन येण्यापुरतं चार्जिंग आहे, पण तेवढंच. योरुन कधीच लावत नाही.

"बोट चालवलीये मी," मी म्हणालो.

"बोटीला पूल चढावा लागत नाही," तो म्हणाला.

दार उघडून मी आत बसलो. बसलो म्हणजे स्वतःला घडी घालून ठेवलं. गुडघे चाकाला लागले, टोपी छताला. फाटकाबाहेर पडलो आणि आरशात पाहिलं तर मागून तसलीच डबी येत होती, लाल टोपीसकट. मी थांबून काच खाली केली आणि विचारलं, हा काय प्रकार आहे. आयलर्ट म्हणाला, योरुनचा सकाळी फोन आला होता, हाल्स्टेनच्या मागे राहा म्हणाली.

मी काच वर केली. चाळीशी उलटलेल्या मुलीचा बाप आहे मी, आणि माझ्यामागे राखण ठेवली होती.

मग तो रस्ता. माझी पिकअप ट्रकच्या चाकोऱ्यांतून सुरळीत जाते, मला हे कधी जाणवलंच नव्हतं. या डबीचं एक चाक चाकोरीत पडायचं आणि दुसरं मधल्या वरंब्यावर चढायचं. त्यामुळे मी सबंध रस्ताभर एका कुशीवर कलंडून चाललो होतो. समोरून मासळीचा ट्रक आला आणि त्याने बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा काळा रेंदा माझ्या काचेवर फेकला. वायपर फिरले तशी घाण नीट सारखी पसरली. बाहेरून रेंदा आणि आतून माझाच श्वास काचेवर गोठलेला. बाहीने पुसावं तर बाही ओली. हातमोजे तर कधीच काढून फेकले होते, चुकीची गाडी उपसताना त्यांचं पार पोतेरं झालं होतं. उघड्या हातांनी मी ते थंडगार चाक धरलं होतं. आधी बोटं दुखली, मग दुखायची थांबली. बोटं दुखायची थांबणं वाईट, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं.

मी आरशात पाहिलं. लाल टोपी. मागच्या डबीत तो ताठ बसला होता, हीटर न लावता, आदर्श विद्यार्थ्यासारखा.

मी हीटर लावला. पूर्ण लावला. पंखा असा घोंगावला की त्या गाडीतून पहिल्यांदाच काही आवाज आला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. हातात जीव आला. काच स्वच्छ झाली. आयलर्टची भूगोलाची वही गेली खड्ड्यात, असं मी मोठ्याने म्हणालो. काट्याकडे मात्र पाहिलं नाही.

पुलाच्या चढावर वाऱ्याने गाडीला बाजूने ढकललं. मी चाक फिरवलं, चाकोरीने ते मानलं नाही, आणि मी कडेच्या बर्फाच्या वरंब्यात नाक खुपसून थांबलो. आमच्याकडे बसथांब्यावर कुणी कुणाच्या शेजारी उभंसुद्धा राहत नाही. पण गाडी अडकली की सगळे येतात. जवळच्या थांब्यावरची एक बाई आणि दोन बाप्ये आले, मागून आयलर्ट आला. मी उतरायला दार ढकललं, तर बाई म्हणाली, बसा हो आजोबा, उतरायची काही गरज नाही. चौघांनी गाडी माझ्यासकट उचलली आणि रस्त्यावर ठेवली. कुणी एक शब्द बोललं नाही, हसलंही नाही, जाऊन परत आपापल्या अंतरावर उभे राहिले. हसले असते तर चाललं असतं.

इस्पितळाच्या दारात योरुन चाकाच्या खुर्चीत कोट चढवून बसली होती. मांडीवर पिशवी, बाजूला कुबड्या. बारीक झाली होती. तिने मला त्या डबीतून बाहेर पडताना पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला, अगदी मुलीसारखा. तेवढ्या एका क्षणापुरता मला त्या गाडीचा राग आला नाही.

"आलास! आणि तिच्यातून आलास!" ती म्हणाली.

मी ऐटीत दुसऱ्या बाजूचं दार उघडून धरलं. ती कुबड्यांवर हळूहळू आली, छपरावरून हात फिरवला, वाकता येत नव्हतं म्हणून मान तेवढी आत घातली. तिची नजर आधी काट्यावर गेली. मग तिने आतली हवा हुंगली, कोमट हवा.

"हीटर लावलास," ती म्हणाली.

मी काचेवरचा रेंदा बाहीने पुसू लागलो.

"दोघांना घेऊन ही पूल चढणार नाही आता. तू एकटा कसाबसा पोचशील."

मी चार्जिंगच्या खांबांकडे पाहिलं. सगळ्यांवर घराएवढाल्या गाड्या सुस्तावून उभ्या होत्या. थांबू म्हणालो, एखादा खांब रिकामा होईल. तिने मान हलवली. पायाची ठसठस सुरू झाली होती, तिला खुर्चीत तासन्‌तास बसवणार नव्हतं. आयलर्ट जरा लांब, आपल्या गाडीपाशी उभा राहून बुटावरचा बर्फ झटकत होता. तो इकडे बघत नव्हता. बघायला हवं होतं, म्हणजे मला त्याला काहीतरी बोलता आलं असतं.

"मी त्याच्या गाडीतून जाते," योरुन म्हणाली. "तू मागून ये. सावकाश ये. आणि हे बघ, हीटर अजिबात लावू नकोस."

"हात गारठले होते माझे," मी म्हणालो. माझाच आवाज मला आवडला नाही. "मोजे भिजले होते."

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग दुसरे घातले का नाहीस? शेजारच्या सीटच्या मागे जाळीत आहेत. तुझेच आहेत. गाडी घेतली तेव्हाच विणले होते, म्हटलं कधीतरी बसशील."

आयलर्टने तिला सांभाळून बसवलं, पाय उचलून आत घेतला, कुबड्या दोघांच्या मधे उभ्या केल्या. त्याच्या गाडीच्या पुढच्या फळीवर कागदी पुडा होता. सूर्याचे पाव. त्याने तेही आणले होते. दोघं पुढे निघाली.

मी आत बसलो आणि शेजारच्या सीटमागे हात घातला. जाळीत एक पिशवी होती, पिशवीत जाड राखाडी लोकरीचे हातमोजे, मनगटापाशी माझ्या बोटीच्या रंगाची निळी रेघ. घडी मोडलेलीही नव्हती. तीन हिवाळे ते माझ्या जागेमागे पडून होते.

हीटर बंद ठेवून मी त्यांच्या मागून निघालो. काच लगेच धुरकटली. पुढे दोन लाल दिवे आणि काचेत दोन डोकी, एक टोपीवालं आणि एक पांढरं. पुलावर ती दोघं कशाला तरी हसली, मला मागून स्पष्ट दिसलं. कदाचित बॅटरीला.

हातमोजे चांगले ऊबदार होते. अंगठासुद्धा बरोबर होता, माझा डावा अंगठा दोरात सापडून आखूड झालाय, तो तेवढाच आखूड विणला होता. मला त्यांची इतकी चीड आली की घर येईपर्यंत मी ते काढले नाहीत.