शून्य फाइली, काम पूर्ण

साखर कारखान्यातल्या संगणकाच्या गार खोलीला एकच दार होतं, आणि त्या दाराला पाठ लावून ईट गावचे बेचाळीस ऊसवाले बसले होते. आत एकटा पिराजी, संगणक चालवणारा. खिडक्या होत्या, पण धुळीनं संगणक बिघडेल म्हणून फळ्या ठोकून बंद केलेल्या. भर दुष्काळात गारव्यात बसून पगार घेतो म्हणून सगळा कारखाना त्याला नशीबवान म्हणायचा. आज त्या नशीबवानाचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

सत्त्याऐंशी सालचा डिसेंबर, आणि दिवस येळवसचा. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आपल्याकडं जो माणूस शेतात नसेल तो आजारी तरी असतो, नाहीतर तुरुंगात. ईटची माणसं मात्र आंबिलीचे माठ आणि भज्जीची पातेली घेऊन इथं आली होती. दाराच्या फटीतून भज्जीचा वास आत यायचा, आणि पिराजी सकाळपासून उपाशी होता.

"ए संगणक!" बाहेरून मथुराबाईचा आवाज आला. ईटची ही विधवा बाई त्या बेचाळिसांची पुढारी होती. "आमची नावं कुठं गेली ते सांग. त्याबिगर दार उघडणार न्हाय."

नावं खरंच गेली होती. विहिरी आटलेल्या, ऊस उभ्या जागी वाळत चाललेला, अशात कुणाचा ऊस आधी तोडायचा यावर घरं तरत होती नि बुडत होती. वशिलेबाजीला लोक विटले, तेव्हा संचालक मंडळानं ठराव केला होता की नोंदलेल्या उसात ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, आणि संगणक देईल तीच यादी खरी. संगणकाला ना जात ना सोयरा, असं अध्यक्ष भाषणात म्हणाले आणि टाळ्या पडल्या. परवा यादी लागली, तर तिच्यात ईटचं एकही नाव नव्हतं. नोंद नसलेल्यांना सगळ्यांच्या शेवटी ऊसतोडीची टोळी मिळाली असती, पण तोवर उसाची चिपाडं झाली असती.

पिराजीला कारण अर्धं ठाऊक होतं. कारखान्यात संगणक दोन. लहान तो शेतकी खात्यात. त्याच्यावर नोंदी चढत. मोठा या खोलीत. दोघांची जात वेगळी, प्रणाली वेगळी, एकाचं बोलणं दुसऱ्याला धड कळायचं नाही. रोज संध्याकाळी मोठा लहानाकडचं जे काही आदल्या संध्याकाळनंतर बदललं असेल तेवढंच ओढून घेऊन जपून ठेवायचा. गेल्या महिन्यात विजेच्या झटक्यानं लहानाची डिस्क जळाली. पिराजीनं नवी बसवली आणि मोठ्याकडची नक्कल तिच्यावर उतरवली. सगळी गावं परत आली, ईट तेवढं आलं नाही.

का आलं नाही, हे तो दोन दिवस शोधत होता. ज्या कंपनीनं प्रणाली बसवली तिच्या इंजिनिअरला पुण्याला ट्रंककॉल लावला, तर तो म्हणाला की प्रोग्राम उत्तम आहे. डॉक्टर म्हणतो ऑपरेशन झकास झालं आणि रोगी तिरडीवर, तशातली गत.

अकराच्या सुमाराला शेतकी अधिकारी साहेब आत आले. लोकांनी त्यांना वाट दिली, बाहेर यायची मात्र कुणालाच देणार नव्हते. साहेबांनी टेबलावर एक कागद ठेवला.

"सही कर. ईट गटाचे फॉर्म मुदतीत आलेच नाहीत, असं लिहिलंय. मशीनमध्ये नाही म्हणजे नोंद नाही. दुपारी पोलीस येतील, तू सुखरूप घरी जाशील."

"पण साहेब, त्यांच्याकडं पावत्या आहेत."

"पावत्या मागच्या तारखेच्या करता येतात. यांना आता यादीत घातलं, तर बाकीची चाळीस गावं आपल्याला फाडून खातील. नाही सही केलीस, तर नक्कल घ्यायचं काम तुझं होतं, रजिस्टरावर रोजची सही तुझी आहे. मग तुझं तू बघ."

साहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि पेपर वाचू लागले. पिराजीला वाटलं, ही खोली आता काडेपेटीएवढी झालीय. तेरच्या बौद्धवाड्यातला पहिला पगारी माणूस तो. आईनं रोजगार हमीच्या खडीवर हात फोडून त्याला शिकवलेलं. ही नोकरी गेली तर तिला तोंड कसं दाखवायचं?

त्यानं रजिस्टर ओढलं. रोजच्या नकलेची एकेक ओळ, पुढं फाइलींचा आकडा, 'काम पूर्ण' आणि त्याची सही. नोंदणीचा शेवटचा दिवस त्यानं बोटानं शोधला. त्या दिवशी ईटचे बेचाळीस फॉर्म चढले होते, हे त्याला स्वतःला आठवत होतं. रजिस्टरात मात्र लिहिलं होतं, शून्य फाइली, काम पूर्ण. खाली त्याची झोकदार सही.

त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मशीननं 'काम पूर्ण' म्हटलं आणि यानं मान डोलावली!

मग तो मागची-पुढची पानं उलटत सुटला. कामाच्या दिवशी शून्य असलेली आणखी तेरा पानं निघाली. त्यानं त्या तारखा कागदावर मांडल्या. महिन्याला एक, एकोणतीस-तीस दिवसांच्या अंतरानं. भिंतीवरच्या कॅलेंडराशी त्यानं शेवटच्या काही ताडून पाहिल्या. प्रत्येक तारखेच्या चौकटीत काळा गोळा होता. अमावास्या. आणि नोंदणीचा तो शेवटचा दिवस, आठवलं तर, सर्वपित्रीचा.

लहान संगणकाला स्वतःचं घड्याळ नव्हतं. रोज सकाळी तो तारीख विचारायचा आणि ती घालायचे ज्ञानोबातात्या, शेतकीचे हेडक्लार्क. तात्यांची सही अमावास्येच्या तारखेखाली सापडायची नाही, हा कारखान्यातला जुना विनोद होता. कागद आला की म्हणायचे, उद्या बघू. पण मशीन उद्यावर ढकलता येत नाही. मग तात्या त्याला कालची तारीख घालत असणार! संध्याकाळी मोठा संगणक बघायचा, तर सगळ्या फाइली कालच्या. काल तर आपण नेल्यात म्हणायचा आणि रिकाम्या हातानं परतायचा. बाकीच्या गावांच्या फाइली दुसऱ्या दिवशी पुन्हा हाताळल्या गेल्या म्हणून वाचल्या. ईटच्या फाइलीला नोंदणी संपल्यावर कुणी हात लावला नाही.

कोडं सुटलं आणि पिराजी जास्तच अडकला. चार वर्षांमागं निवडीच्या वेळी, तेरचं ते पोरगं गार खोलीत बसणार काय, असं एक संचालक बोलला होता. तेव्हा तात्याच ताडकन म्हणाले होते, "परीक्षेत पहिला आलाय, म्हणजे तोच बसंल." पहिल्या दिवशी त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली होती. आता मार्चात ते रिटायर होणार, आणि पिराजी त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर बेचाळीस घरांचा ऊस ठेवणार? सही केली तर तात्या वाचत होते, तो वाचत होता. मरत होतं ते फक्त ईट.

बाहेर मथुराबाई कुणाला तरी म्हणत होती, "खा की रं दोन घास. येळवस हाय. उपाशी नगं बसू."

पिराजी उठला. सहीचा कागद साहेबांच्या पेपरावर ठेवला आणि दारावर थाप मारली.

"मथुराबाई, उघडा. नावं कुठं गेली ते दावतो. पण आत्ताच चला. लाइट गेली तर पुरावा जाईल."

पुढं पिराजी, मागं बेचाळीस माणसं आणि त्यांच्या मागं ओरडत साहेब, अशी वरात शेतकी खात्यात शिरली. आज अमावास्या होती आणि सकाळी मशीन तात्यांनीच उघडलं होतं. तात्या त्याच्याशेजारी उभे होते. पिराजीच्या हातातलं रजिस्टर आणि तारखांचा कागद त्यांनी पाहिला.

"तात्या," पिराजी म्हणाला. "आज मशीनला तारीख कोणची घातलीत?"

तात्यांचा हात बटणावर होता. एकदा दाबलं की पडदा काळा होणार, तारीख पुसली जाणार, आणि उरणार फक्त पिराजीची झोकदार सही. पिराजीला ते कळत होतं. तात्यांनाही कळलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. हात तसाच राहिला.

मग तात्यांनी हात काढला आणि बाजूला सरकले. "बघ, बाबा."

पिराजीनं तारीख मागवली. पडद्यावर कालची तारीख उमटली. मथुराबाईनं मान पुढं करून पाहिलं. "ही तर कालची की!"

पिराजीनं सगळं सांगितलं; आपली शून्याखालची सहीही दाखवली.

"अमावशेच्या तारखेनं सुरुवात केली की मशीन बिघडंल, असं वाटलं मला," तात्या त्याच्याकडं बघत म्हणाले. "तुझं मशीन जपायलो होतो रं मी."

"तात्या, आमी बी आज अमावशेलाच घर सोडून हितं आलाव," मथुराबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "शेवटच्या दिवशी बी अमावशाच व्हती, पर आमी फारम भरलाच की."

साहेब कडाडले, "तोंडी काही चालणार नाही. बाकीच्या गावांना मी काय दाखवू? लेखी द्या. चूक कोणाची?"

पिराजीनं पेन काढलं. लिहायला वाकला, तेवढ्यात तात्यांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. चष्मा पुसला. रजिस्टराच्या नव्या पानावर त्यांनी सावकाश लिहिलं, की ईटचे बेचाळीस फॉर्म मुदतीत आले, मी स्वतः मशीनवर चढवले, त्या दिवशी तारीख मी चुकीची घातली. खाली सही केली.

सहीखाली तारखेची जागा रिकामी होती. तिथं त्यांचं पेन थांबलं. एकतीस वर्षांची नोकरी आणि उरलेले तीन महिने तिथं थांबले होते. पिराजीला वाटलं, आता तात्या म्हणणार, उद्या बघू.

"आज कितवी रं, पिराजी?" तात्यांनी विचारलं.

पिराजीनं सांगितली. तात्यांनी ती लिहिली.