खालच्या दोन खोल्या

“पाणी बंद करायचं नाही. वीज तोडायची नाही. तो बाहेर गेलेला बघून दाराला कुलूप घालायचं नाही. आणि भांडण तर मुळीच नाही,” वकीलबाई म्हणाल्या.

“मग मी करायचं तरी काय? रोज त्याचे पाय चेपू?”

हे विचारणारे गृहस्थ जन्मभर प्लंबिंगची कामं करून आता घरी बसले होते. सगळी गल्ली त्यांना नळकाका म्हणायची. स्वभाव मुळातच तापट, त्यात गेले काही महिने डोकं ठिकाणावर नाही. घर त्यांचं, खालच्या दोन खोल्यांत भाडेकरू त्यांचा, आठ महिन्यांचं भाडं बुडालेलं तेही त्यांचंच, आणि हे करू नका, ते करू नका हेसुद्धा त्यांनाच!

“ऐकून घ्या काका. नोटीस गेलीये. त्यातल्या मुदतीत त्याने थकबाकी भरली नाही की आपण दावा लावू. मध्येच थोडेफार पैसे घेऊन आला तर घेऊ नका. घेतलेत तर नोटिशीतली हवाच गेली.”

“आणि सगळेच घेऊन आला तर?”

“तर घ्यावे लागतील. मग त्याला काढता येणार नाही.” बाई हसल्या. “पण आठ महिन्यांत ज्याच्याकडून एक भाडं निघालं नाही, तो सगळे कुठून आणणार?”

“बाई, खरं सांगू का? मला त्याचे पैसे नकोतच. खोल्या हव्यात. बायकोसाठी.”

“ते मला कळतं हो. पण स्वतःला हव्यात म्हणून दावा लावलात तर वर्षं जातील. थकबाकीचा रस्ता जवळचा.”

वर्षं कोणाकडे होती? बायकोचं उजवं अंग गेलं त्याला वर्ष व्हायला आलं होतं. दवाखान्यातून तिला चौघांनी खुर्चीत बसवून वर नेलं, ती अजून खाली उतरलेली नव्हती. जिना अरुंद, मध्ये वळण, एकट्या नळकाकांच्या अंगात तेवढी ताकद उरलेली नाही. शेजारच्यांना एकदा सांगावं, दोनदा सांगावं, रोज कोण येणार? तिचं मागणंही मोठं नव्हतं. फाटकाजवळच्या पायरीवर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याशी चार शब्द बोलायचं. गल्लीतल्या निम्म्या बायकांची गुपितं एके काळी तिच्या पोटात होती, आता तिला कोणाचं काय चाललंय तेही कळत नव्हतं.

अदलाबदलही सुचवून झाली होती. “काका, वर एकच खोली, आम्ही पाच जणं. मावणार कुठे?” भाडेकरू म्हणाला होता. शाळेच्या मुलांची ने-आण करणारा व्हॅनवाला होता तो. निम्म्या मुलांच्या घरच्यांनी मोठी बस लावली आणि याची गाडी रिकामी पळू लागली. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, असं नळकाकांना कितीदा तरी वाटलं. निदान मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या.

मुदत चालू असतानाच एका सकाळी व्हॅनवाल्याची बायको जिन्याखालून ओरडली, “काका, स्वयंपाकघरातला पाइप फुटलाय! पाणीच पाणी झालंय!”

“फुटायचाही मुहूर्त बघा!” नळकाका चरफडले. नाही गेलं तर म्हणतील, मालकाने मुद्दाम पाणी तोडलं. पाना घेऊन ते खाली उतरले. दुखऱ्या गुडघ्यांवर बसून, ज्याला हाकलायचं त्याच्याच ओट्याखाली डोकं घालून त्यांनी पाइप बदलला. अंगावरचा सदरा भिजून गेला. उठताना नजर खोलीभर फिरली. या भिंतीला तिचा पलंग. इथून चाकाची खुर्ची सरळ दारात. मग त्यांना दिसलं, व्हॅनवाल्याची बायको आपल्याकडेच बघतेय. त्यांनी मान खाली घातली.

व्हॅनवाला जवळ आला आणि त्याने खिशातून काही नोटा काढल्या. “काका, सध्या एवढे ठेवा.”

“नको.”

“घ्या ना. पाइपचे तरी—”

“नको म्हटलं ना! राहू देत तुझ्याकडे!”

व्हॅनवाल्याचे डोळे भरून आले. “नोटीस आली तेव्हा मी तुम्हाला काय काय बोललो मनात. पण ते वकिलांचं लिहिणं. तुमच्यासारखा माणूस मिळायचा नाही, काका.”

नळकाकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पाना उचलला आणि ते जिना चढले. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी व्हॅनवाला वर आला. हातात जाड पाकीट. “मोजून घ्या काका. सगळे आहेत.”

“सगळे?” नळकाकांनी पाकिटाकडे पाहिलं. “कुठून आणलेस?”

“गाडी विकली.”

“अरे गाढवा, गाडी विकलीस? मग खाणार काय? आणि पुढचं भाडं?”

“बघू. कुठेतरी ड्रायव्हर म्हणून लागेन. त्या दिवशी तुम्ही पैसे परत केलेत, त्यानंतर मला झोप नाही. म्हटलं, या माणसाचं बुडवायचं नाही.”

हजार गोष्टी नळकाकांच्या तोंडाशी आल्या. घे जा तुझे पैसे. मला खोल्या हव्यात. मी चांगला माणूस नाही रे, मला वकिलांनी घेऊ नका सांगितलं होतं! यातलं एकही बाहेर पडलं नाही. त्यांनी पाकीट घेतलं. घ्यावंच लागणार होतं.

पलंगावरून बायको हे सगळं ऐकत होती. “अहो,” ती जड जिभेने म्हणाली, “म्हणजे आता खाली नाही ना जायचं?”

“कायदा म्हणे!” नळकाका एकदम उसळले. “दिले नाहीत तर माझा जीव जातो, दिले तरी माझाच जातो! हे कुठलं—” 

“ओरडू नका. तो उभा आहे.” तिने खिडकीकडे पाहिलं. “माझा पलंग तरी खिडकीशी घ्या.”

नळकाकांनी एकट्याने जोर लावला. पलंग हलेना. व्हॅनवाला चपला काढून आत आला, उशाकडून त्याने उचलला, पायांकडून नळकाकांनी. खिडकीशी नेऊन ठेवल्यावर एक पाय डुगडुगत होता. व्हॅनवाल्याने पुठ्ठ्याची घडी करून त्याखाली सारली, हलवून पाहिलं आणि मग समाधानाने विचारलं, “काकू, दिसतं का खालचं?”

“दिसतं की,” ती म्हणाली. “सगळं दिसतं.”

तो खाली गेल्यावर नळकाकांनी वाकून तिच्या उशीशी डोकं टेकवलं आणि बाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी तेवढी दिसत होती.